भट्टीमागचे ग्रीस चेंबर

बेळगावच्या शहापूर भागात आमचे कुंदा, शेव, चिवडा आणि सणासुदीच्या फराळाचे दुकान आहे. रस्त्याला लागून दुकान, त्यामागे भट्टी, भट्टीमागे भांडी घासण्याची मोठी मोरी आणि शेवटी चार फुटी बोळ, अशी या भागातील जुन्या घरांची असते तशीच लांबट रचना आमच्याही घराची आहे. मोरीचे पाणी बोळातील चेंबरमधून गल्लीच्या यूजीडीला, म्हणजे भूमिगत गटाराला मिळते. त्याच ओळीवर आमच्या खालच्या अंगाला एक बेकरी, विद्यार्थ्यांची एक खाणावळ आणि बरीच राहती घरे आहेत. मृगाचा पाऊस सुरू झाला की या ओळीवरील कुठले तरी एक चेंबर उलटायचे, मग तक्रार जायची, गाडी यायची आणि गटारात पिशव्या टाकणाऱ्यांना नावे ठेवून सर्वजण आपापल्या कामाला लागायचे. अलीकडे मात्र पाऊस नसतानाही, विशेषतः पौषाच्या थंडीत, चेंबर तुंबू लागले. तेव्हा आरोग्य निरीक्षकांनी पाहणी करून आम्हा तिन्ही खाद्यव्यावसायिकांना ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातील तेलतूप अडवणारी टाकी, बसवून घेण्याची लेखी सूचना दिली. सूचना कन्नडमध्ये होती; ती माझ्या मुलीने वाचून दाखवली. तिची अंमलबजावणी करताना काय काय करावे लागले याची ही हकीकत आहे. लहान भट्टीवाल्यांना आणि खाणावळवाल्यांना उपयोग व्हावा, म्हणून ती मापांसह लिहीत आहे.

सूचना येण्यापूर्वी जेटिंगच्या, म्हणजे जोराच्या दाबाने पाणी मारणाऱ्या गाडीने ओळ मोकळी केली होती, त्या वेळी आमच्या चेंबरपुढील पाइपातून जे निघाले ते मी निरखून पाहिले होते. थिजलेल्या डालड्यासारखा मऊ, पिवळसर थर निघेल अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात निघाले ते डबीत वाळून गेलेल्या चुन्यासारखे करडे-पांढरे कडक तुकडे, ज्यांवर नखाने ओरखडा काढला तर भुकटी पडत होती. चहाचा चोथा, केस, भाताची शिते आणि पिशव्यांच्या चिंध्या त्यांत रुतून बसल्या होत्या. याचे कारण मला पुढे समजले. तळताना आणि नंतर गटारातील जिवाणूंमुळे तेलातुपातील मेदाम्ले सुटी होतात. पाण्यात मुळातच असलेले आणि सिमेंटच्या पाइपातून झिजून येणारे कॅल्शियम त्यांना मिळाले की कॅल्शियमचा साबण बनतो. आपला अंघोळीचा साबण पाण्यात विरघळतो, हा मात्र विरघळत नाही, तो पाइपाच्या भिंतीला धरून राहतो आणि मागून येणारे तेल आपल्यात सामावून घेत जाड होत जातो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी गटारांतील असे थर तपासून ते प्रामुख्याने कॅल्शियमचे साबण असल्याचे दाखवले आहे. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये गटारात सुमारे २५० मीटर लांबीचा आणि १३० टन वजनाचा असाच गोळा सापडला होता आणि तो फोडून काढायला काही आठवडे लागले होते. आमच्या गल्लीतील प्रकार त्याच जातीचा, फक्त लहान.

हे समजून घेणे आवश्यक होते, कारण आमच्याकडील सारा कारभार नेमका उलट समजुतीवर चालत होता. भांडी घासणाऱ्या मावशींना मी सूचनेबद्दल सांगितले तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "गरम पाणी सोडलं की जातंय की वो वैनी सगळं." त्यांचे म्हणणे मोरीपुरते खरेच होते. गरम पाण्याने तूप पातळ होऊन मोरीतून जाते, पण पाणी गटारात गेल्यावर निवते आणि तूप तिथे थिजते. म्हणजे आमची मोरी स्वच्छ राहते आणि तुंबतो तो खालच्या घराचा पाइप. डालडा ३१ ते ४१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतो. बेळगावच्या थंडीत जमिनीखालचा पाइप त्याच्या आसपासही गरम नसतो. पौषात चेंबर का तुंबत होते, याचे उत्तर एवढ्यातच होते.

जेटिंगच्या गाडीवरील एक कर्मचारी त्या दिवशी जे बोलला तेही इथे नोंदवले पाहिजे. "हे घट्ट झालं की पाण्याचा मारा बी वरनं घसरून जातंय. मग लोकं म्हणत्यात, उतरा आत अन् फोडा." मैल्याच्या गटारात माणसाला संरक्षण-साधनांशिवाय उतरवणे २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा मृत्यूंबद्दलची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये करण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला आहे. "उतरा" म्हणणाऱ्या लोकांत आपली गल्लीही असते, हे सांगायला कायद्याचे पुस्तक लागत नाही. बंद चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो. सुरुवातीला त्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत शंभरच्या घरात गेले की नाकाची संवेदनाच बधिर होते. त्यामुळे वास येईनासा झाला म्हणून वायू निघून गेला असे मानणारा माणूस सर्वांत मोठ्या धोक्यात असतो.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात कोणते पाणी कुठून येते हे शोधण्यापासून झाली. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होते आणि आमच्यासारखी बरीच घरे त्या काळची आहेत. भूमिगत गटार नंतर आले, त्याला घरातील नळ्या जशा सोयीच्या पडल्या तशा जोडल्या गेल्या आणि त्याचा नकाशा कोणाकडेच नसतो. आमच्या मिस्त्रींनी यावर साधा उपाय काढला. जिलेबीत घालायचा केशरी रंग बादलीभर पाण्यात कालवून एकेका मोरीत आणि न्हाणीघरात ओतायचा आणि बोळातील चेंबरचे झाकण उघडून रंग कोणत्या तोंडातून येतो ते पाहायचे. दोन गोष्टी लक्षात आल्या. वरच्या मजल्यावरील न्हाणीघर आणि संडास भट्टीच्या मोरीच्याच पाइपाला जोडलेले होते, आणि मागच्या पत्र्याच्या पन्हळीचे पाणीही तिथेच उतरत होते. ग्रीस ट्रॅपमध्ये मैल्याचे पाणी येता कामा नये, कारण मग त्यातला गाळ हाताळणे धोक्याचे होते आणि टाकी लवकर भरते. पावसाचे पाणी तर मुळीच येता कामा नये, कारण एक जोराची सर आली की साठलेला सारा तवंग टाकीबाहेर ढकलला जातो. ही दोन्ही जोडणी वेगळी करण्यातच कामाचा निम्मा खर्च गेला. बाजारात ट्रॅपची किंमत सांगतात, ही किंमत कोणी सांगत नाही.

त्यानंतर टाकीचे माप. ट्रॅपमध्ये कोणतेही यंत्र नसते. तेलाची घनता पाण्याच्या सुमारे नऊ-दशांश असल्यामुळे तेल वर येते, जड गाळ खाली बसतो आणि मधले त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी पुढे जाते. पाण्याला स्वस्थ थांबायला पुरेसा वेळ देणे एवढेच टाकीचे काम. हा वेळ किती असावा हे तेलाच्या थेंबाच्या आकारावर ठरते आणि थेंबाचा व्यास निम्मा झाला तर त्याचा वर चढण्याचा वेग चौथाईवर येतो. माझा भाचा अभियांत्रिकीला आहे. त्याने स्टोक्सच्या नियमाने, म्हणजे द्रवात बारीक थेंब किती वेगाने वरखाली होतो हे सांगणाऱ्या सूत्राने, हिशेब करून दाखवला. ९० सेंटिमीटर पाण्यातून तळापासून वर यायला मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढ्या थेंबाला आठ-नऊ मिनिटे लागतात, दहाव्या भागाएवढ्या थेंबाला अर्ध्या तासाहून थोडी अधिक, आणि विसाव्या भागाएवढ्या थेंबाला दोन तासांहून अधिक. पूर्ण प्रकरणात मला सर्वांत उपयोगी पडला तो हा हिशेब. अर्धा तास पाणी थांबवणे आमच्या बोळात शक्य होते, दोन तास शक्य नव्हते. म्हणजे थेंब फार बारीक होऊ न देणे हे काम टाकीचे नसून मोरीवर उभे राहणाऱ्या माणसांचे होते.

मोरीतून किती पाणी जाते हे मोजायला आम्ही दुपारची वेळ धरली, कारण कुंद्याच्या कढया, शेवेचे सोरे आणि पराती त्याच वेळी एकदम घासायला पडतात. नळ पूर्ण सोडून बादली भरायला लागणारा वेळ घड्याळावर मोजला, आणि कढईत साठवलेले पाणी एकदम ओतले जाते तेही हिशेबात धरले. गर्दीच्या वेळी मिनिटाला सुमारे २५ लिटर पाणी निघाले. तीस मिनिटांचे ७५० लिटर होतात. बोळाची रुंदी पाहून आतून दीड मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर पाण्याची खोली असे माप ठरले. त्यात ८१० लिटर पाणी मावते. याच सुमारास एका विक्रेत्याने मोरीखाली मावणारी ५० लिटरची चकचकीत स्टीलची पेटी दाखवली होती. ती दिसायला नीटनेटकी होती आणि सूचनेची पूर्तता झाल्याचे कागदोपत्री दाखवायला पुरलीही असती, पण २५ लिटरच्या ओघाला ती दोन मिनिटे थांबवते. दिवसभरात चार कपबशा विसळणाऱ्या चहाच्या टपरीला ती ठीक आहे.

बांधकाम पावसाळ्याआधी उरकायचे होते. आमच्या बाजूला थोडे खोदले की काळी माती लागते, आणि पावसाळ्यात विहिरींचे पाणी इतके वर येते की खड्डा कोरडा राहत नाही. शिवाय बोळाच्या दोन्ही बाजूंना दगडी जोत्याच्या जुन्या भिंती आहेत. एकदम सगळे खोदले तर भिंतीखालची माती सुटेल म्हणून मिस्त्रींनी निम्मी लांबी खोदून, तिथला तळ आणि बाजू ओतून, मग उरलेली निम्मी घेतली. टाकी विटांऐवजी लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटची केली. थांबलेली चरबी आंबते तेव्हा पाणी आम्लधर्मी होते आणि ते सिमेंटला खाते, म्हणून आतून इपॉक्सीचा लेप दिला. टाकीच्या मध्ये आडवी भिंत घालून तळाशी तिला फट ठेवली, त्यामुळे पाणी खालून पुढच्या कप्प्यात जाते आणि तवंग अलीकडे अडतो. आत येणाऱ्या पाइपाचे तोंड पाण्याच्या पातळीखाली वळवले, जेणेकरून पडणारे पाणी तवंग घुसळणार नाही. बाहेर जाणाऱ्या पाइपाला टी, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचा तीन तोंडांचा जोड, आडवा पाडून जोडून तिचा खालचा पाय तळापासून ३० सेंटिमीटरवर आणून ठेवला. या टीचे वरचे तोंड उघडे ठेवावे लागते. ते बूच मारून बंद केले तर पाणी ओढले जाऊन वरचा थरही सोबत जातो, आणि पुढे पाइप तुंबला तर वरून सळई घालायलाही वाट राहत नाही. वायूसाठी एक उभा पाइप छपराच्या वर नेला. झाकणे दोन केली, एक आतल्या तोंडावर आणि एक बाहेरच्या तोंडावर, कारण एकच झाकण असले की पुढच्या कप्प्यातील गाळाकडे कोणी कधी पाहत नाही. बोळात मुले खेळतात, म्हणून झाकणांना कुलपाची कडी आहे आणि भोवती पावसाचे पाणी आत वाहू नये इतका उंच काठ आहे.

टाकी भरून पातळीवर खूण केली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी खूण जागेवर होती. मागच्या अंगणात आमची आणि शेजाऱ्यांची विहीर असल्याने ही गळतीची चाचणी मला सूचनेपेक्षाही महत्त्वाची वाटत होती. वापर सुरू करण्यापूर्वी टाकी स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरलेली असलीच पाहिजे, कारण रिकाम्या टाकीत पहिले तेलकट पाणी पडले तर ते टीच्या खालच्या पायातून सरळ बाहेर जाते. उपसा झाल्यावरही तोच नियम पाळावा लागतो. आमच्याकडे त्याला आणखी एक कारण आहे. भोवतीच्या मातीत पाणी भरलेले असताना टाकी रिकामी ठेवली तर ती वर उचलली जाण्याचा धोका असतो.

सारे सुरळीत चालू झाल्यावर मी बाहेर जाणाऱ्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला. नमुना काचेच्या बाटलीतच घ्यावा लागतो, कारण प्लास्टिकच्या भिंतीला तेल चिकटून राहते आणि आकडा खोटा कमी येतो. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ नुसार सार्वजनिक गटारात सोडायच्या पाण्यात तेल व ग्रीसची मर्यादा लिटरला २० मिलिग्रॅम आहे, तर नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी ती १० आहे. दोन मर्यादांतला हा फरक गटाराच्या शेवटी शुद्धीकरण होईल या भरवशावर आहे. पण आमच्याकडे चेंबर उलटले की तेच पाणी उघड्या गटारातून बळ्ळारी नाल्याकडे जाते, आणि पावसाळ्यात हा नाला पात्र सोडून शहापूर-वडगावच्या भातशेतात शिरतो, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. आमच्या दुपारच्या नमुन्याचा आकडा मर्यादेपेक्षा बराच जास्त आला. टाकीत वर बोटभर जाड थर साठलेला दिसत होता, म्हणजे टाकी काम करत होती. तरीही जे निसटत होते ते दुधाळ रंगाच्या पाण्यात मिसळलेले अतिबारीक थेंब होते. भांडी घासण्याचा द्रव साबण आणि उकळते पाणी एकत्र आले की तूप इतके बारीक फुटते की त्याला वर चढायला अर्धा तास पुरत नाही. भाच्याच्या हिशेबातील विसाव्या भागाचे थेंब ते हेच.

त्यामुळे पुढचे काम मोरीवर आले, आणि माझ्या मते खरे काम तेच होते. कुंद्याच्या कढईची खरवड आमच्याकडे कधीच वाया जात नाही, ती घरातील मुलांच्या वाट्याची असते. परंतु खरवडीनंतर कढईला तुपाचा जो पातळ लेप राहतो तो पूर्वी सरळ गरम पाण्याखाली जाई. आता कढई कोमट असतानाच गव्हाचा कोंडा टाकून ती पुसून घेतात, कोंडा तूप शोषून घेतो आणि तो ओल्या कचऱ्याच्या डब्यात जातो. शेवेच्या कढईतील तळाचा साका झाऱ्याने काढून गाळणीवर निथळत ठेवतात. पराती आधी रद्दी कागदाने पुसतात, मग साध्या पाण्याने विसळतात आणि शेवटी मोजका साबण लावून कोमट पाण्याने धुतात. साबणाची बाटली मावशींच्या हाताशी नसून मापाच्या झाकणासह फळीवर असते. मोरीच्या तोंडावर बारीक जाळीचे भांडे बसवले आहे आणि ते दिवसातून दोनदा कचऱ्यात रिकामे होते, पाण्याखाली धरले जात नाही. मावशींना सुरुवातीला हे दुप्पट काम वाटले आणि त्यांचे म्हणणे पूर्णतः चुकीचे नव्हते, म्हणून त्यांच्या मदतीला दुपारपुरता एक मुलगा ठेवला. काही आठवड्यांनी पुसलेली कढई घासायला कमी वेळ लागतो हे त्यांनीच मला दाखवले. यानंतरच्या नमुन्याचा आकडा मर्यादेच्या आत आला. टाकीत मध्यंतरी काहीही बदललेले नव्हते.

तळणीचे उरलेले तेल हा वेगळा विषय आहे, पण तो इथेच येतो, कारण ते तेल गटारात जाता कामा नये आणि पुन्हा कोणाच्या पोटातही जाता कामा नये. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढत जाणाऱ्या घटकांची) मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. तिच्या वर गेलेले तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. त्याच वर्षीच्या १० ऑगस्टला, जागतिक जैवइंधन दिनी, प्राधिकरणाने वापरलेले तेल गोळा करून जैवडिझेलकडे वळवण्यासाठी रुको ही योजना सुरू केली. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल तळणीसाठी वापरणाऱ्यांना १ मार्च २०१९ पासून त्याची नोंद ठेवणे आणि ते अधिकृत संकलकालाच देणे बंधनकारक आहे. आम्ही एरवी त्या मर्यादेच्या बरेच खाली असतो, दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत मात्र तिच्या जवळ जातो, म्हणून वर्षभरच नोंद ठेवतो. झाकणाच्या डब्यात गाळून साठवलेले तेल संकलक वजन करून नेतो आणि पावती देतो. बाजारात असे काळे तेल त्याच्यापेक्षा चढ्या भावाने मागणारे लोक येतात. ते कुठे जाते हे विचारले की उत्तर मिळत नाही, त्यामुळे आम्ही देत नाही.

टाकी कधी उपसायची हे आम्ही दिनदर्शिकेवर ठरवत नाही. वरचा तवंग आणि खालचा गाळ मिळून पाण्याच्या खोलीच्या चौथ्या भागाएवढे झाले की उपसा करायचा, असा या विषयातील सर्वमान्य नियम आहे. आमच्या ९० सेंटिमीटरला तो साडेबावीस सेंटिमीटर होतो. त्या पलीकडे गेले की पाण्याला थांबायला जागाच उरत नाही. मोजण्यासाठी पारदर्शक प्लास्टिकची नळी वापरतो. काठीने तवंगाला भोक पाडून नळी सावकाश तळापर्यंत सोडायची, वरचे तोंड अंगठ्याने दाबून धरायचे आणि बाहेर काढायची. वरचा पिवळा थर, मधले पाणी आणि खालचा काळा गाळ तिन्ही वेगवेगळे दिसतात. मोजमाप दर सोमवारी, दुकान उघडण्याआधी होते आणि वहीत लिहिले जाते. नोंदींवरून कळले की श्रावण ते गणेशोत्सव या काळात थर सर्वांत वेगाने वाढतो, आणि थंडीत तो इतका घट्ट होतो की नळी सोडण्यापूर्वी काठीला जोर लावावा लागतो. थंडी इथे मात्र आपल्या बाजूची असते, कारण जे तूप पाइपात थिजले असते ते आता टाकीत थिजते.

उपसा परवानाधारक सकिंग गाडीकडूनच, म्हणजे गाळ ओढून घेणाऱ्या टाकीच्या गाडीकडूनच, करून घेतो आणि गाडी माल कुठे रिकामा करणार हे पावतीवर लिहून घेतो, कारण आमच्या टाकीतला माल पुढच्या वळणावरील नाल्यात ओतला जाणार असेल तर या साऱ्या खटाटोपाला अर्थ नाही. उपशाच्या वेळी कोणीही टाकीत वाकून पाहत नाही किंवा उतरत नाही. झाकणे आधी उघडून ठेवतात आणि भिंतीला चिकटलेला थर लांब दांड्याच्या झाऱ्याने वरूनच खरवडतात. मधल्या काळात "जिवाणूंची पावडर टाका, उपसाच लागणार नाही" असे सांगणारे प्रतिनिधी येऊन गेले. असल्या बऱ्याच पावडरी आणि द्रव तवंगाला फोडून पातळ करतात, तो पाण्याबरोबर पुढे जातो आणि पुढे थिजतो, म्हणजे उकळत्या पाण्याचाच प्रकार महागात विकत घेणे होय. कॉस्टिक सोडा तर त्याहून वाईट. तो चरबीचा साबण बनवून ती पुढे ढकलतो आणि उपसणाऱ्याचे हात भाजतो ते वेगळेच.

निरीक्षक पाहणीला आले तेव्हा त्यांनी टाकीपेक्षा वही अधिक वेळ पाहिली. "अक्का, टाकी सगळेच दाखवतात," एवढेच ते म्हणाले आणि नोंदींचे फोटो काढून घेतले.

बेकरीवाल्यांचे काम आमच्यानंतर लगेच झाले. त्यांच्याकडे तेल कमी आणि मार्गारीन अधिक, पाणीही मोजकेच, त्यामुळे त्यांना लहान टाकी पुरली. खाणावळीचा प्रश्न अवघड आहे. तिथे दोन वेळच्या जेवणानंतर शे-दीडशे ताटे एकदम घासायला पडतात, रस्सा आणि आमटीचा तवंग सरसकट मोरीत जातो आणि गर्दीच्या वेळचा ओघ मोजला तर तो मिनिटाला ४० लिटरच्या आसपास निघाला. अर्ध्या तासाच्या हिशेबाने त्यांना १,२०० लिटरची टाकी हवी, पण त्यांच्या मागे बोळ नाही, फक्त तुळशीवृंदावनाचे छोटे अंगण आहे. आमच्याच टाकीत त्यांचे पाणी घ्यावे असाही प्रस्ताव गल्लीच्या बैठकीत आला होता. मी नकार दिला, कारण त्यामुळे आमच्या पाण्याचा थांबण्याचा वेळ बत्तीस मिनिटांवरून बारा-तेरा मिनिटांवर आला असता आणि दोघांचेही तेल बाहेर गेले असते. सध्या त्यांनी ताटे आधी डब्यात झाडून मग घासायला देण्याची पद्धत सुरू केली आहे, नळांना ओघ कमी करणाऱ्या जाळ्या बसवल्या आहेत आणि वृंदावनाच्या दोन्ही बाजूंना एकापुढे एक अशा दोन अरुंद टाक्या बसतात का, हे आमचे मिस्त्री मोजून पाहत आहेत. नळांच्या जाळ्यांमुळे ओघ तीस लिटरवर आला तर दोन्ही टाक्या मिळून नऊशे लिटरच्या पुरतील, म्हणून पुन्हा एकदा दुपारच्या पंगतीनंतर बादली आणि घड्याळ घेऊन मोजायचे ठरले आहे.